ज्या हातांनी तेल लावलं

“मंडळीनं मला बाहेर काढलं, मॅडम. पण देव काही सुटत नाही. माझं काही चुकतंय का?”

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मी आजवर बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलाय. उपासनेत गाणी म्हणणाऱ्या एका मुलीनं तो विचारला होता. धर्मशिक्षणाची सेमिनरी अर्ध्यावर सोडलेल्या एका विद्यार्थ्यानं विचारला होता. मुलाला मंडळीनं, म्हणजे चर्चच्या समुदायानं, नाकारलं म्हणून चाळीस वर्षांची बाकावरची जागा सोडून आलेल्या एका आईनंही विचारला होता. शब्द निराळे, गाठ तीच. समलिंगी माणसाला चर्चनं दुखावलं की त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे राहतात. एका बाजूचे म्हणतात, विश्वास खरा असेल तर स्वतःला बदल. दुसऱ्या बाजूचे, तेही मायेपोटीच, म्हणतात, ज्यांनी लाथ मारली त्यांच्याच देवाला काय कवटाळून बसलायस? मधल्या माणसाला काय हवंय ते कुणी विचारत नाही. त्याला देव हवा असतो आणि खरेपणानं जगायचंही असतं. जो तो त्याला सांगतो, यातलं एक टाकून दे.

आज ज्यांच्याबद्दल लिहितेय ते सतरा वर्षं पाळक, म्हणजे चर्चचे पास्टर, होते. त्यांच्या परवानगीनं लिहितेय. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत, आणि मजकूर आधी त्यांना वाचायला दिला होता. दोन ठिकाणी त्यांनी मला दुरुस्तही केलं.

पहिल्या दिवशी भरून घेतलेला त्यांचा फॉर्म अजून माझ्या डोळ्यासमोर आहे. ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘पा’ एवढं लिहून खोडलं होतं, आणि पुढे नुसती रेघ ओढली होती. मी विचारलं, तुम्हाला काय म्हणून हाक मारू?

“पास्टर नको,” ते म्हणाले. “रस्त्यात कुणी ती हाक मारली की मान वळते अजून. मग लाज वाटते.”

घडलं ते असं. कुणीतरी त्यांच्या फोनवरचे संदेश पाहिले आणि तक्रार मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडील मंडळाकडे गेली. रात्री बैठक बसली. समोर सात जण, त्यांतल्या चौघांची लग्नं यांनीच लावलेली. एकानं विचारलं, हे खरं आहे का? इतकी वर्षं दर रविवारी लोकांना खरं बोला म्हणून सांगणाऱ्या माणसानं खरं सांगून टाकलं. त्यानंतर तीन आठवडे सुटकेच्या, म्हणजे अंगातला दुष्ट आत्मा घालवण्याच्या, प्रार्थना झाल्या. उपास, बंद दार, कपाळावर तेल, डोक्यावर सात जणांचे हात आणि “निघून जा, निघून जा” अशी ओरड. त्यांच्या आत नसलेल्या कुणाला तरी उद्देशून. तिसऱ्या आठवड्यानंतर राजीनाम्याचा कागद पुढे आला. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ हे शब्द आधीच टाइप केलेले होते. पाळकगृह महिन्याभरात रिकामं करायचं होतं. ज्यांच्या मुलांना त्यांनी बाप्तिस्मा दिला, ज्यांची माणसं मातीत ठेवली, त्यांचा निरोप घेण्याचीही मुभा नव्हती.

हे सांगता सांगता त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. कपाळावर घाम नव्हता, काहीच नव्हतं. त्या तासाभरात असं अकरा वेळा झालं. मी वहीत टिपून ठेवलंय.

तेलाचं मला तेव्हा नीटसं उमगलं नव्हतं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, आजारी माणसानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं आणि त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी असं आहे. सतरा वर्षं हे काम यांनी केलं होतं. खिशात बोटभर उंचीची काचेची कुपी घेऊन ते इस्पितळांच्या वॉर्डांतून फिरायचे. मरणाच्या दारातल्या माणसाच्या कपाळावर तेलाचं बोट टेकवलं की त्याचे खांदे कसे सैल पडतात, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. त्याच तेलानं, त्याच वचनाचा आधार घेऊन त्यांना रोगी ठरवलं गेलं. आता तेलाचा वास आला तरी त्यांना मळमळायचं. कुपी त्यांनी फेकली नव्हती. मोज्यात गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवली होती.

पहिल्याच भेटीत मी त्यांना सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? हे विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नसलेला विचार घुसत नाही. उलट, इतके दिवस एकट्यानं वाहिलेलं ओझं कुणीतरी हातात घेऊन पाहिलं, असं वाटतं. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, दोनदा. तो दिवस आम्ही फक्त त्याच कामाला दिला. रात्री कुणाला फोन करायचा, घरातून काय बाहेर काढायचं, विचार चढू लागला की पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, हे कागदावर उतरवलं. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात असे विचार येत असतील तर देव, चर्च, विश्वास हे सगळं राहू द्या बाजूला. आधी एका जिवंत माणसाला आजच्या आज सांगा.

दुसऱ्या भेटीत माझी चूक झाली. मी त्यांना म्हटलं, समलिंगी माणसांना सामावून घेणाऱ्या मंडळ्या आहेत, तिथे जाऊन पाहिलंत का? माहिती खरी होती. पण ज्याचं घर जळून पंधरा दिवस झालेत त्याला मी दुसऱ्या घराचा नकाशा दाखवत होते. ते शांतपणे म्हणाले, “तुम्हीही मला घर सोडायलाच सांगताय.” त्यांच्या दृष्टीनं ते चर्च म्हणजे संस्थेच्या आधी भाषा होती. त्यांची आई ज्या शब्दांत प्रार्थना करायची, ते ज्या चालीवर रडायला शिकले, ते सगळं तिथलं. तेव्हापासून मी नियम करून घेतला: नुकसान किती झालं हे त्या माणसाच्या तोंडून पुरतं ऐकल्याशिवाय उपाय सुचवायचा नाही.

पुढे आम्ही एक साधं काम हाती घेतलं. मनात दिवसरात्र वाजणारी वाक्यं एकेका कागदावर लिहायची आणि प्रत्येकापुढे लिहायचं: हे कोण म्हणालं, कधी, कुठे. त्यांनी तेवीस वाक्यं आणली. ‘देवानं तुझ्याकडे पाठ फिरवली आहे.’ कोण म्हणालं? मंडळाचा खजिनदार, दुसऱ्या शनिवारी, रात्री साडेदहाच्या सुमारास. ‘तुझ्यामुळे मंडळीवर शाप येईल.’ वडील मंडळातल्या एकाची बायको, फोनवर. ‘तुझी सगळी सेवा खोटी होती.’ इथे पेन थांबलं. हे वाक्य कुणी म्हटलंच नव्हतं. त्यांनी स्वतःच जोडलं होतं.

या कामामागे थोडं शास्त्र आहे. श्रद्धेतल्या झगड्यांवर केनेथ पार्गमेंट आणि ज्युली एक्सलाइन या मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलंय. २०१४ साली एक्सलाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोजपट्टी मांडली. तिच्यात असे झगडे सहा प्रकारचे धरले आहेत: देवाशी, दुष्ट शक्तींशी, धर्मातल्या माणसांशी, स्वतःच्या सदसद्विवेकाशी, शंकांशी आणि जगण्याच्या अर्थाशी. धार्मिक छळ झालेल्या माणसाच्या मनात यांच्या सीमा पुसल्या जातात. माणसांशी झालेला झगडा देवाशी झाल्यासारखा वाटू लागतो, कारण माणसं देवाच्या नावानं बोलत असतात. आणि देवानंच आपल्याला टाकलं ही भावना घर करून बसली तर खिन्नता वाढते, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणून खजिनदाराचं वाक्य खजिनदाराला परत करणं हे उपचाराचं मोठं काम ठरतं. देव आहे की नाही, तो काय म्हणतो, हे ठरवणं माझं काम नाही. पण साडेदहा वाजता कोण बोललं, एवढं तरी आम्ही दोघं नक्की सांगू शकत होतो.

बावीस वाक्यं झाली. तेविसावं त्यांनी कागद उलटा करून झाकून ठेवलं होतं. ते उलगडायला आणखी तीन आठवडे लागले.

मधल्या काळात ते पुस्तकं घेऊन यायचे. अभ्यासू माणूस. बायबलमधल्या लेवीय आणि रोमकरांस पत्रातल्या समलिंगी संबंधांविषयीच्या उताऱ्यांवर कोणते वाद आहेत, पौलानं करिंथकरांना लिहिताना वापरलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ किती धूसर आहे, ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द इंग्रजी बायबलमध्ये पहिल्यांदा १९४६ सालीच कसा आला, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. आरोग्यशास्त्राची बाजूही त्यांना ठाऊक होती. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतून ती काढण्याचा निर्णय १७ मे १९९० रोजी झाला. लैंगिक कल बदलून देतो म्हणणारी ख्रिस्ती संघटनांमधली सर्वांत मोठी, एक्झोडस इंटरनॅशनल, २०१३ साली बंद झाली. तिचे अध्यक्ष अ‍ॅलन चेंबर्स यांनी आदल्याच वर्षी सांगितलं होतं की त्यांना भेटलेल्या जवळपास कुणाचाच कल बदलला नव्हता, आणि बंद करताना त्यांनी झालेल्या इजेबद्दल माफी मागितली. २००९ साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं उपलब्ध अभ्यास तपासून हेच म्हटलं होतं: असे प्रयत्न यशस्वी होण्याची शक्यता कमी, इजा होण्याचा धोका मात्र आहे.

“हे सगळं पटतं,” ते म्हणाले. “मग कपाळ का पुसतो मी?”

कारण अर्थ पटणं आणि भीती जाणं ही दोन निराळी कामं आहेत. पहिलं वाचनानं होतं. दुसरं शरीराच्या गतीनं होतं, आणि त्याला घाई चालत नाही. आमच्याकडे येणारे कितीतरी सुशिक्षित लोक इथेच स्वतःला दोष देतात: सगळं कळतं, तरी चर्चच्या घंटेनं छातीत धडधडतं, म्हणजे मीच कमकुवत. तसं नाही. बंद दारामागे सात माणसांचे हात डोक्यावर दाबून धरलेले असताना शरीरानं जे शिकून घेतलं, ते शब्दार्थाच्या चर्चेनं पुसलं जात नाही. आम्ही श्वासापासून सुरुवात केली. पाय जमिनीला टेकलेत, दार उघडं आहे, उठून जाता येतं, हे शरीराला पुन्हा पुन्हा दाखवलं. त्यांची खुर्ची मी दाराजवळ हलवली. प्रार्थना करायची असेल तर डोळे उघडे ठेवून, उभं राहून, वाटेल तिथे थांबून. ते हसले होते. डोळे उघडे ठेवून प्रार्थना त्यांनी लहानपणी केली होती, तीही चोरून.

एका भेटीला त्यांचा साथीदार आला होता. तो अजिबात श्रद्धाळू नाही. त्यानं माझ्यासमोरच त्यांना विचारलं, “त्या लोकांनी तुझं एवढं वाटोळं केलं, आणि तू सकाळी उठून त्यांच्याच पुस्तकातली स्तोत्रं पुटपुटतोस. मला राग येतो तुझा.” हा प्रश्न प्रेमाचाच होता. पण उत्तर द्यायची घाई करू नका म्हणून मी त्यांना खुणावलं. थोड्या वेळानं ते म्हणाले, “पुस्तक त्यांचं नाही. आईनं दिलंय मला.” त्या दिवसानंतर साथीदारानं विरोध सोडला असं नाही. पण सकाळी ते पुटपुटायला लागले की तो खोलीबाहेर जाणं थांबलं. माझ्या मते त्या घरातली ती मोठी घटना होती.

पाचव्या महिन्यात तेविसावा कागद सरळ झाला. त्यावर लिहिलं होतं: ‘उपास कर, प्रार्थना कर, मग लग्न कर, सगळं ठीक होईल.’ कोण म्हणालं? मी.

सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगा त्यांच्याकडे आला होता. विशीही ओलांडली नव्हती. त्यानं रडत रडत सांगितलं होतं, आणि यांनी, स्वतःबद्दलचं सगळं ठाऊक असताना, त्याला हे उत्तर दिलं होतं. व्यासपीठावरूनही दोन-तीनदा तसंच बोलले होते, जरा जास्त मोठ्या आवाजात. मुलगा पुढच्या महिन्यापासून दिसला नाही. “देवानं मला टाकलं नसेल, हे मानेनही मी,” ते म्हणाले. “पण मी त्याला टाकलं, त्याचं काय?”

ज्याला नैतिक जखम म्हणतात ती ही. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांसोबत काम करताना ही कल्पना मांडली. आपल्या वरच्यांनी केलेला विश्वासघात आणि आपल्या हातून आपल्याच मूल्यांचा झालेला भंग, दोन्ही तिच्यात येतात. भीतीवरचे उपचार इथे पुरत नाहीत. कारण ही भीती नसतेच. ही शरम असते, आणि तिच्यात खरंही काहीतरी असतं. “तुमचा नाइलाज होता” असं म्हणून मी ती पुसायला गेले असते तर त्यांनी मला सोडूनच दिलं असतं, आणि ते बरोबर झालं असतं. दबाव होता, पगार आणि घर पणाला होतं, हे सगळं खरं. त्या मुलाला ते वाक्य त्यांनीच ऐकवलं, हेही खरं.

मी त्यांना विचारलं, असा माणूस तुमच्याकडे पाळक म्हणून आला असता तर काय केलं असतं? उत्तर द्यायला त्यांना क्षणही लागला नाही. आधी पापाची नीट कबुली, नाव घेऊन. मग ज्याचं नुकसान केलं त्याची भरपाई शक्य तेवढी. मग पुन्हा तसं न करणं. क्षमा शेवटी, आणि ती मागून घ्यायची नसते. बोलता बोलता ते थांबले. सेवेतली सगळी हत्यारं शाबूत होती. फक्त ती स्वतःसाठी वापरायची असतात हे त्यांना सुचलं नव्हतं.

मुलाला शोधून काढून त्याच्यासमोर रडायचं, हा त्यांचा पहिला बेत होता. मी अडवलं. अशा माफीत पुन्हा त्या जखमी माणसालाच काम लागतं: समोरच्याला शांत करण्याचं. शेवटी त्यांनी एका जुन्या ओळखीच्या माणसामार्फत एवढाच निरोप ठेवला की मी त्याला चुकीचं सांगितलं होतं, ते मागे घेतो, त्याला कधी वाटलं तर मी भेटायला तयार आहे, न वाटलं तर त्यात त्याचं काही चुकत नाही. उत्तर आलेलं नाही.

त्याच सुमाराला ते बायबलमधल्या यहेज्केलच्या पुस्तकाचा चौतिसावा अध्याय घेऊन आले. आपल्या भाषेत पाळक हा शब्दच मुळात मेंढरं पाळणाऱ्याचा, त्यामुळे हा अध्याय मराठी वाचणाऱ्याला जरा जास्तच झोंबतो. त्यात देव मेंढपाळांवर संतापलाय. तुम्ही दुबळ्यांना बळ दिलं नाही, जखमीला पट्टी बांधली नाही, हरवलेल्याला शोधलं नाही, जबरदस्तीनं हाकललंत, अशा अर्थाचं तो म्हणतो, आणि आता माझी मेंढरं मीच शोधीन म्हणतो. “दीक्षेच्या आधी हा अध्याय मी मेंढपाळाच्या जागेवर उभा राहून वाचला होता,” ते म्हणाले. “राजीनाम्यानंतर मेंढराच्या जागेवरून वाचला. आता दोन्ही जागा माझ्याच आहेत.” मी काही बोलले नाही. त्या वाक्यात त्यांनी आमचं सहा महिन्यांचं काम सांगितलं होतं.

रागाबद्दल मात्र मी बोलले. बऱ्याच विश्वासणाऱ्यांना वाटतं की राग आला म्हणजे विश्वास गेला, आणि मंडळीतले लोक तर पहिल्याच आठवड्यात “क्षमा करून टाक” म्हणतात. जखम धुण्याआधी लावलेली पट्टी आत पू धरते. क्षमा करायची की नाही, कधी करायची, हे ज्याला लागलंय त्यानं ठरवायचं, आणि क्षमा केली म्हणून पुन्हा त्याच दारात जाऊन उभं राहावं लागत नाही. शिवाय रागाला त्या पुस्तकातच जागा आहे. निरपराध असून दुःख भोगणाऱ्या ईयोबाच्या गोष्टीत शेवटी देव तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही, तर देवाची बाजू मांडणाऱ्या त्याच्या मित्रांवर चिडतो. आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजाडत नाही. हे मला त्यांनीच शिकवलं. सतरा वर्षांत त्या स्तोत्रावर त्यांनी एकदाही उपदेश केला नव्हता. लोक नाराज होऊन घरी जातील म्हणून.

मग प्रश्न उरला सेवेचा. पद गेल्यावर माणूस पाळक राहतो का? इथे त्यांना इतर माणसांचे मार्ग पाहायचे होते, आणि मीही वाचत होते. ट्रॉय पेरी हे पेंटेकॉस्टल पंथाचे उपदेशक. समलिंगी म्हणून सेवेतून काढलेले, आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेले. ६ ऑक्टोबर १९६८ रोजी लॉस एंजलिसजवळ स्वतःच्या घरात बारा जणांना घेऊन त्यांनी उपासना केली, आणि त्यातून समलिंगी माणसांना सामावून घेणारं मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च उभं राहिलं. जॉन मॅकनील हे जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू. १९७७ साली व्हॅटिकननं त्यांना समलैंगिकतेवर जाहीर बोलायला बंदी केली, त्यांनी जवळपास दहा वर्षं ती पाळली, मग बोलले, आणि १९८७ साली जेझुइट संघातून काढले गेले. समलिंगी माणसांसोबतचं मानसोपचाराचं त्यांचं काम सुटलं नाही. बेथ स्ट्राउड यांची पाळकीय दीक्षा युनायटेड मेथडिस्ट चर्चनं २००४ साली काढून घेतली, कारण त्यांनी आपण एका स्त्रीसोबत राहतो हे भर उपासनेत सांगितलं होतं. मे २०२४ मध्ये त्या चर्चनं समलिंगी पाळकांवरची बंदी उठवली आणि त्याच महिन्यात त्यांना सेवेत परत घेतलं गेलं. वीस वर्षांनी.

वीस वर्षं, हा आकडा ऐकून ते खिडकीबाहेर बघत बसले. परत घेतलं ही बातमी चांगलीच. पण वीस वर्षं कोण परत देणार? इंग्लंडच्या चर्चच्या बिशपांनी जानेवारी २०२३ मध्ये समलिंगी आणि इतर लैंगिक अल्पसंख्य माणसांना झालेल्या इजेबद्दल माफी मागितली, ती बातमीही त्यांनी जपून ठेवली होती. आपल्या मंडळीकडून अशी माफी येईल या आशेवर बरं होणं टांगून ठेवायचं नाही, हे आमचं ठरलं. आली तर बरं. नाही आली तरी सकाळी उठायचं आहे.

मला वारंवार विचारतात, मग तुम्ही सल्ला काय देता, विश्वास ठेवा की सोडा? मी यातलं काहीच सांगत नाही. काही जण श्रद्धा सोडतात आणि त्यांचा श्वास मोकळा होतो. त्यांचं ते सोडणं मी तितक्याच आदरानं पाहते. काही जण सामावून घेणाऱ्या मंडळीत जातात. काही जण वर्षानुवर्षं एकटेच प्रार्थना करतात. मी एवढंच पाहते की जो निर्णय होतोय तो भीतीतून होतोय का. नरकाच्या भीतीनं धरून ठेवलेला विश्वास आणि चिडवणाऱ्या मित्रांच्या भीतीनं टाकून दिलेला विश्वास, दोन्हींत माणूस स्वतः कुठेच नसतो. चर्चनं दुखावल्यावरही तुमच्यात देवाबद्दलची ओढ उरली असेल, तर ती मूर्खपणाची खूण नाही आणि गुलामीचीही नाही. ती तुमची आहे. तिला कुठे न्यायचं ते तुम्ही ठरवा, आणि जिथे तुमच्या डोक्यावर हात दाबले जातात तिथे तिला नेऊ नका.

त्यांचं शेवटी काय झालं? ते आज कुठल्या मंडळीचे पाळक नाहीत. दुसरी नोकरी करतात. महिन्यातून दोन रविवार एका लहानशा मंडळीत मागच्या बाकावर, दाराजवळ बसतात. कपाळ पुसणं कमी झालंय, थांबलेलं नाही.

गेल्या वर्षी एका भेटीला ते उशिरा आले. सकाळी जुन्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या घरून फोन आला होता. शेवटचं दुखणं. आईला तुम्हीच हवे आहात, दुसरं कुणी नको म्हणते, असं मुलगी म्हणाली. ते गेले. कपाटाच्या तळाशी हात घातला, मोजा हाताला लागला, आणि तिथेच सोडून निघाले.

बाईंनी डोळे उघडले आणि म्हटलं, “पास्टर, आलात. का गेलात ते कळलंय मला. तेल आणलंत का?”

“नाही आणलं, आजी.”

“असू दे. हात तर आणलेत.”

त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. डोळे उघडे ठेवून, उभ्यानं, अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र म्हटलं, कारण तेवढंच तोंडात आलं. ते अंधारापाशी संपलं. पुढचा शब्द त्यांच्या घशातून निघेना, माझ्यापुढे सांगतानाही निघत नव्हता.

“मग?” मी विचारलं.

“आमेन तिनं म्हटलं.”